सी-१८ वर एकच पीक का येतो?

प्रश्न: नमस्कार ताई, एम.फार्म.चा प्रोजेक्ट लेवोसेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या औषधावर घेतलाय. त्यात दुसरा आयसोमर (त्याच रेणूचं आरशातलं रूप) किती उरलाय ते मोजायचंय पण एचपीएलसीच्या नेहमीच्या सी-१८ कॉलमवर (घटक वेगळे करणारी नळी) पीएच बदलला, मिथेनॉल कमी-जास्त केलं, तरी आलेखावर एकच पीक, म्हणजे एकच उंचवटा. काय चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर: अरे कॉलमच चुकलाय. अंधारात कोल्हापुरीचा जोड तराजूत टाकलास तर डावी कुठली उजवी कुठली कळेल का? वजन सारखंच, पायात घातली की मात्र लगेच कळतं. सी-१८ म्हणजे तो तराजू, आर (तुझं औषध) आणि एस (तो दुसरा आयसोमर) त्याला एकसारखेच, मिथेनॉल कितीही बदल. तुला पाय पाहिजे, म्हणजे कायरल, स्वतःच डावं-उजवं असलेला, कॉलम. त्यात सिलिकावर अमायलोज किंवा सेल्युलोजचं कार्बामेट चढवलेलं असतं, ते स्वतःच कायरल असल्यामुळे एका आयसोमरला जास्त वेळ धरून ठेवतं.

मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बहुतेक वेळा हेक्झेन आणि इथेनॉल नाहीतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). औषध बेसिक असेल तर ०.१ टक्का डायइथाइल अमाइन, अ‍ॅसिड असेल तर टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड), आणि तुझ्या रेणूत दोन्ही गुण आहेत त्यामुळे दोन्ही थोडं थोडं घालून बघावं लागेल, इथे चिकाटी पाहिजे. सिस्टीम आधी पाण्याबफरवर चालली असेल तर मधे आयपीएने नीट धू, हेक्झेन आणि पाण्याचं जमत नाही. कॉलम कोटेड असेल (कार्बामेट सिलिकावर नुसतं लेपलेलं) तर टीएचएफ, डायक्लोरोमिथेन असली सॉल्व्हंट सॅम्पल विरघळवायलासुद्धा नको, कोटिंगच वाहून जातं (आमच्या लॅबमध्ये असा एक कॉलम गेला, आणि तो काय स्वस्त असतो होय).

आधी साधं सेटिरिझिन इंजेक्ट कर. ते मुळात दोघांचं अर्धं-अर्धं मिश्रण, म्हणून तर गोळी त्याची १० मिग्रॅ आणि लेवोची ५. दोन पीक ५०-५० यायला हवेत, रेझोल्यूशन (दोन पीक किती सुटे झाले त्याचं माप) निदान १.५. एरिया (पीकखालचं क्षेत्रफळ) ५०-५० नसेल तर इंटिग्रेशन, म्हणजे तो एरिया कसा मोजलाय ते तपास, किंवा पीकखाली तिसरंच काहीतरी लपलंय. यूव्ही डिटेक्टरवर दोघांचा रिस्पॉन्स सारखाच असतो त्यामुळे हिशोब सोपा, एसचा एरिया ४,२०० आणि आरचा ९,९५,८०० आला तर एस ०.४२ टक्के.

आणि एस आधी बाहेर आला तर उत्तम. नंतर आला तर आरच्या लांब शेपटीत तो बुडतो आणि आकडा भलताच येतो, मग अल्कोहोल बदलून बघ, कधीकधी क्रम उलटतो.