पहाटे पेटणारा आणि दुपारी विझणारा दिवा

प्रश्न : माझी गाडी चार वर्षे जुनी आहे. मी मानेवाड्याहून रोज सकाळी साडेसहाला बुटीबोरीला कामावर जातो. डिसेंबर लागल्यापासून गाडी सुरू करताच घोड्याच्या नालेसारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो आणि वर्धा मार्गावर दहा-बारा किलोमीटर गेल्यावर आपोआप विझतो. स्क्रीनवर सकाळी तीन चाकांची हवा २८ आणि मागच्या डाव्या चाकाची २५ दिसते. दुपारी हेच आकडे ३२ आणि २९ होतात. आठवड्यापूर्वी कामावरून परतताना पेट्रोल पंपावर चारही चाकांत ३३ हवा भरून घेतली होती. एका वर्कशॉपने चारही सेन्सर खराब झाल्याचे सांगितले असून खर्च बराच आहे. काय करावे? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : सेन्सर बदलू नका. हा पिवळा दिवा टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देतो आणि चाकांतले सेन्सर हवेचा दाब मोजून तो गाडीला कळवतात. आपण लिहिलेले आकडेच सांगतात की चारही सेन्सर आपले काम चोख करीत आहेत. खराब झालेला सेन्सर एक तर आकडाच दाखवत नाही, किंवा दिवा मिचकावतो. सकाळी चार चाके आणि दुपारी तीच चार चाके सारख्याच फरकाने वर-खाली दाखवण्याची शिस्त त्याला जमत नाही. आपल्या गाडीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळे गोंधळ झाला आहे.

पहिली गोष्ट तापमानाची. टायरमधली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि गार झाली की उतरतो. मोटारीच्या टायरमध्ये दर दहा अंश सेल्सियसला साधारण दीड पीएसआयचा (हवेचा दाब मोजण्याचे एकक, पंपावर यालाच ‘पौंड’ म्हणतात) फरक पडतो. बुटीबोरीहून धावून आलेला टायर आतून ४५ अंशांच्या आसपास तापलेला असतो. त्या तापलेल्या टायरमध्ये पंपाच्या यंत्राने ३३ भरले, यंत्राने शिटी वाजवली आणि आपण निघालात. रात्रभर गाडी अंगणात उभी राहिली, पहाटे नागपूरचा पारा दहा अंशांवर आला, आणि हवेचा एक कणही बाहेर न जाता त्या ३३ चे २८ झाले. आपल्या तीन चाकांत सकाळी नेमके तेवढेच दिसते आहे. गाडीच्या दारावरील स्टिकरवर छापलेला आकडा गार टायरसाठी असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायचा असतो. तापलेल्या टायरमध्ये स्टिकरचा आकडा भरणे म्हणजे दर वेळी चार-पाच पीएसआय हवा कमी भरणे होय.

दुसरी गोष्ट त्या मागच्या डाव्या चाकाची. तापमानाने चारही चाके सारखीच उतरतात. एखादे चाक इतरांच्या मागे तीन पीएसआयने पडत असेल तर तिथे गळती आहे. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपते, मात्र आठवड्यात तीन म्हणजे बारीक पंक्चर किंवा वॉल्व्हची गळती असे समजावे. युरोपातील नियमांनुसार दाब साधारण २० टक्क्यांनी आणि अमेरिकेतील नियमांनुसार २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लागावा लागतो. ३३ च्या गाडीत ही सीमा २५-२६ च्या घरात येते. आपले ते चाक सकाळी बरोबर त्या सीमेवर उभे असते. वर्धा मार्गावर टायर तापला की ते सीमेच्या वर सरकते आणि दिवा विझतो. तोवर बाकीची तीन चाके कमी हवेवरच धावत असतात, फक्त त्यांच्याबद्दल दिवा काही बोलत नाही.

आता करायचे काय, तर आधी गळती शोधायची. वाटीभर पाण्यात भांड्याचे साबण कालवून एका जुन्या ब्रशने ते वॉल्व्हच्या तोंडावर, वॉल्व्ह रिममधून जिथे बाहेर येतो तिथे, रिम आणि टायरच्या जोडावर दोन्ही बाजूंनी आणि शेवटी सबंध नक्षीवर लावावे. टोपी काढून वॉल्व्हच्या तोंडावर ओले बोट ठेवण्याची पंक्चरवाल्यांची जुनी रीतही काही वाईट नाही; आतला पिन खराब असेल तर तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा उठतो, फुटतो आणि पुन्हा उठतो. बारीक गळती इतकी सावकाश असते की नुसते बघून हात वर करू नयेत, दोन मिनिटे थांबावे. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणाऱ्या गाडीच्या नक्षीत बारीक तारेचा तुकडा किंवा स्क्रू सापडला तर मला मुळीच नवल वाटणार नाही. तो सापडलाच तर घरी उपसू नका. खुणेसाठी खडूने गोल करून पंक्चरवाल्याकडे जा. भोकात बाहेरून कोंबलेल्या रबरी काडीपेक्षा टायर उतरवून आतून लावलेले छत्रीच्या आकाराचे ठिगळ अधिक भरवशाचे असते. मात्र भोक टायरच्या कडेच्या भिंतीत असेल तर कोणतेही ठिगळ लावून घेऊ नये.

त्यानंतर हवा. हवेचा दाब मोजणारा स्वतःचा एक काटा विकत घ्या, तो सेन्सरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो, आणि सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही चाके मोजून कागदावर लिहा. पंप घरापासून लांब असेल तर एक साधी युक्ती आहे. समजा घरी गार टायर २८ दाखवतो आणि हवे आहेत ३३, म्हणजे पाच कमी. पंपावर पोहोचेपर्यंत तोच टायर ३० दाखवू लागला असेल, तर यंत्र ३३ वर नव्हे तर ३५ वर लावायचे. भरणारा मुलगा डोळे वटारील, वटारू द्या.

प्रश्न : नायट्रोजन भरल्यास हा दिवा लागण्याचा त्रास संपतो का? (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि थंडीत त्याचाही दाब हवेइतकाच उतरतो. तो कोरडा असतो आणि किंचित सावकाश झिरपतो, एवढाच लाभ. फुकट मिळत असेल तर घ्यावा.

प्रश्न : नवीन टायर बसवल्यापासून माझ्या गाडीतला दिवा सुरुवातीला मिनिटभर मिचकतो आणि मग कायम लागून राहतो. हवा बरोबर आहे. (एक वाचक, कामठी)

उत्तर : मिनिटभर मिचकून स्थिर होणारा दिवा हवेबद्दल काही सांगत नसतो, प्रणालीच बिघडल्याची ती तक्रार असते. आपल्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसत असेल तर चाकाच्या आत, वॉल्व्हच्या बुडाशी, बॅटरीवर चालणारा सेन्सर आहे आणि तो रेडिओ लहरींनी गाडीला दाब कळवतो. टायर उतरवताना यंत्राची पहार नेमकी त्याच्यावर येऊन तो तुटणे हा दुकानातला नेहमीचा अपघात आहे. त्यामुळे टायर बसवणाऱ्याला सेन्सर असल्याचे आधीच सांगावे. सेन्सर शाबूत असला तरी काही गाड्यांत तो गाडीला नव्याने ओळखवून द्यावा लागतो. त्याची बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती सीलबंद असल्याने संपली की सेन्सरच बदलावा लागतो; पण चारही एकदम मेले असे क्वचितच घडते. कोणते चाक गप्प आहे हे तपासणी यंत्राने कळते, तोवर पैसे देऊ नका. स्टेपनी लावलेली असताना दिवा मिचकत असेल तर बहुधा स्टेपनीत सेन्सरच नसतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

आकडे दिसत नसून नुसता दिवाच असेल तर गाडीत दुसरी पद्धत असण्याची शक्यता आहे. तीत चाकात काहीच नसते. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते जास्त फेरे मारते आणि एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर तो फरक टिपतात. अशा गाडीत नवीन टायर बसवल्यावर किंवा हवा भरल्यावर रीसेट करावे लागते, आणि इथेच लोक फसतात. हवा कमी असताना केवळ दिवा नको म्हणून रीसेटचे बटण दाबले, तर गाडी तोच कमी दाब योग्य मानून शिकते आणि पुढे तक्रार करत नाही. आधी गार टायरमध्ये हवा, मग बटण. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर ही पद्धत बहुधा फसते, कारण तुलना करायला चौथे निरोगी चाकच उरत नाही.

आणखी एक बारीक सूचना : आत सेन्सर असलेल्या वॉल्व्हला प्लास्टिकचीच टोपी ठेवा. शोभेच्या धातूच्या टोप्या अॅल्युमिनियमच्या वॉल्व्हला गंजून चिकटतात आणि जोराने फिरवताना वॉल्व्हच तुटतो.

प्रश्न : मे महिन्यात समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाणार आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा दोन-तीन पौंड कमी ठेवावी, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. तसे केले तर दिवा लागेल का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : दिवा लागो न लागो, तसे करू नका. नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ही गोष्ट नेमकी उलटी आहे. कमी हवेचा टायर रस्त्याला टेकताना जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची कडेची भिंत वाकते आणि सरळ होते, आणि या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते. शिवमडक्याहून निघून मोटारींना मुभा असलेल्या १२० च्या वेगाने न थांबता दोन-तीन तास धावणाऱ्या टायरमध्ये ही उष्णता साचत जाते, खाली तापलेला काँक्रीटचा रस्ता असतो, आणि शेवटी रबर व आतल्या दोऱ्यांची पकड सुटते. फुटतो तो बहुधा हाच टायर. गार टायरमध्ये स्टिकरवरील आकडा भरलेला असताना धावून दाब चार-पाच पीएसआयने वाढणे हे टायर बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. वाटेत थांबून ती हवा सोडू नये. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा हा कमाल दाबाचा असतो, तोही भरायचा नसतो. चौघे आणि सामान असेल तर स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला आहे का ते पाहावे.

निघण्यापूर्वी टायरचे वयही पाहून घ्या. कडेवर लंबगोलात चार अंक असतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसणारे जुने टायरही उन्हाने आतून ठिसूळ झालेले असतात.

वाटेत वेगात असताना दिवा लागलाच तर जोराचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग झटकू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलून डाव्या मार्गिकेत या आणि आकडा पाहा. तो दोन-तीनने खाली येऊन थांबला असेल तर कमी वेगाने पुढच्या थांब्यापर्यंत जाता येईल. डोळ्यांदेखत एकेक उतरत असेल तर कडेला पूर्ण बाहेर उभे राहून, धोक्याचे दिवे लावून, सर्वांना कठड्यापलीकडे उतरवल्यावरच स्टेपनीला हात घालावा.