माणूस गेल्यावर 'किती होतील' विचारलं तर वाईट दिसतं का?

माझ्याकडे समुपदेशनाला येणारे लोक हा प्रश्न सारखा घेऊन येतात. शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात पण आतलं दुखणं तेच, की घरात माणूस गेलाय आणि मी शववाहिकेचे पैसे विचारत होते, कागद मागत होते, मला काही वाटलंच नाही का. आधीच सांगते, विचारणारा माणूस कोरडा नसतो, उलट बऱ्याचदा त्या घरात सगळ्यात जास्त भार त्यानेच उचललेला असतो. हे कशावरून म्हणतेय ते एका ताईंच्या गोष्टीवरून सांगते. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताई पुण्यात राहतात, शाळेत शिकवतात, माहेर कोल्हापूर, घरातल्या थोरल्या सून. सासरे एका खाजगी दवाखान्यात रात्री दोनच्या सुमारास गेले. नवरा सुन्न होऊन खुर्चीत बसलेला, दीर टोरांटोला, सासूबाईंना अजून सांगायचं होतं. तेवढ्यात नात्यातल्या कोणीतरी एका माणसाला बोलावलं आणि तो म्हणाला काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त ॲडव्हान्स द्या. ताईंनी विचारलं किती होतील आणि त्यात काय काय येतं. एवढंच. तर आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझा भाऊ अजून थंड पण झाला नाही आणि हिला पैशाचं पडलंय."

त्यानंतर ताईंनी काही म्हणजे काहीच विचारलं नाही, जो जे म्हणेल त्याला हो म्हणत गेल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मधे काही महिने गेले होते, झोप नव्हती, शाळेत मुलांवर उगाच चिडायच्या, आणि ते वाक्य तसंच्या तसं त्यांना ऐकू येत होतं. मी त्यांना विचारलं, तुम्ही सासऱ्यांसाठी कधी रडलात? खूप वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या वेळच कुठे मिळाला, तिरडीच्या सामानापासून तेराव्याच्या स्वयंपाकापर्यंत सगळं मीच बघत होते.

हे मी खूप घरांत बघितलंय. जो माणूस धावपळ करतो त्याचं दुःख मागे राहतं, आणि बाकीच्यांचा राग निघायला पण तोच समोर असतो, कारण देवावर, डॉक्टरवर, गेलेल्या माणसावर ओरडता येत नाही. आत्यांचा भाऊ गेला होता, त्या वाक्यात भावाचं दुःख होतं आणि ते जाऊन पडलं सुनेवर. हे समजून घ्यायला आम्हाला बऱ्याच बैठका लागल्या. त्याने वाक्य पुसलं गेलं नाही पण त्याची धार कमी झाली.

पण ताईंना खरं टोचत होतं ते दुसरंच, न विचारल्यामुळे जे राहून गेलं ते. दीर तिकीट काढून निघाला होता, पण त्याच्यासाठी थांबायचं का हे कोणी कोणाला विचारलंच नाही, सकाळी दहाला वैकुंठ स्मशानभूमीत सगळं उरकलं आणि तो पोचला तेव्हा घरात अस्थींचं मडकं होतं. पाचव्या दिवशी एलआयसीच्या फाईलमध्ये सासऱ्यांचं नेत्रदानाचं कार्ड सापडलं. आणि ते बघून आत्याच म्हणाल्या, हो, मला बोलला होता तो. म्हणजे बघा, उत्तर त्याच घरात होतं, आत्यांपाशीच होतं, फक्त विचारायची सोय उरली नव्हती.

म्हणून मी घरच्यांना सांगते की पहिला प्रश्न पैशाचा नसतोच. पहिला प्रश्न हा, की यांनी कधी कोणाला काही बोलून ठेवलं होतं का? नेत्रदान, देहदान, लाकडावर नको विद्युतदाहिनीत करा, दहावं-बारावं करू नका, अग्नी मुलीने द्यावा, अमुक साडी नेसवा, काहीही. हा प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायचा कारण माहिती कोणाकडे असेल सांगता येत नाही, कधी बहिणीकडे असते तर कधी रोज सकाळी फिरायला बरोबर जाणाऱ्या मित्राकडे. आणि हा प्रश्न आधी एवढ्यासाठी की नेत्रदानाला वेळ फार कमी असतो, साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा, त्यांची माणसं घरी येतात. आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं, जवळच्या नातेवाईकांची संमती लागते, चष्मा होता किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं म्हणून अडत नाही. देहदानाला मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाला विचारावं लागतं, पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह ते सहसा घेत नाहीत.

दुसरा प्रश्न, कोणासाठी थांबायचं? नुसतं "तो येतोय" यावर जाऊ नका, तिकीट कन्फर्म आहे का, किती वाजता उतरणार ते विचारा. मग शीतपेटी घरी आणायची की दवाखान्याच्या शवागारात ठेवायचं, त्याचे तासाचे की दिवसाचे पैसे, ते ठरवता येतं. मोठी माणसं म्हणतात मयत जास्त वेळ घरात ठेवू नये, त्यांचा मान ठेवून पण त्यांना विचारा की नाही थांबलो तर त्या मुलाला पुढे आयुष्यभर काय वाटेल. मी असे मुलगे-मुली बघितलेत, "मला चेहरा पण बघायला मिळाला नाही" हे त्यांच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही. दुसऱ्या बाजूने, सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मग नाही थांबले, तर ते लोक सहन करू शकतात. न विचारता झालेलं सहन होत नाही.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण ताईंच्या घरी याच्यावरून सासूबाईंची पेन्शन अडकली होती. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात, तो नमुना ४, घरी झाला तर उपचार करणारे डॉक्टर देतात तो ४अ. या कागदाशिवाय स्मशानभूमीत पुढचं होत नाही. जिथे मृत्यू झाला तिथेच नोंद होते, राहायला कुठे होते त्याने फरक पडत नाही, आणि ती २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यातून निघताना विचारा, तुमच्याकडे नाव काय लिहिलंय, मला दाखवा. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, दवाखान्यात घाईत तिसरंच, असं झालं की पुढे महिनोन्महिने खेटे. तिथेच हे पण विचारा की पेसमेकर बसवलेला होता का आणि काढला का, कारण दहनात त्याची बॅटरी फुटते. अंगावरचे दागिने, चष्मा, मोबाईल कोणाच्या ताब्यात दिले? नंतर भावाभावांत यावरून जे होतं ते ऐकवत नाही. आणि बिलावरून वाद असला तरी त्यासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, नातेवाईकांना तो ताब्यात मिळण्याचा हक्क रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, हे शांतपणे सांगा.

आणि हो, पैसे. विचाराच. शववाहिका, सामान, स्मशानातली फी, गुरुजींची दक्षिणा, हे वेगवेगळं सांगा म्हणावं आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा म्हणावं. सगळं मिळून एवढे असं कोणी म्हणालं तर त्यात काय नाही ते विचारा. अस्थी कधी मिळतील ते पण, कारण विद्युतदाहिनीत काही तासांत मिळतात आणि लाकडावर केलं तर बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जावं लागतं. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून खर्च भागवू नका, कायद्यानेही बरोबर नाही आणि घरात संशयाला जागा होते.

ताईंचा नऊ वर्षांचा मुलगा, त्याला सांगितलं होतं आजोबा गावाला गेलेत. तो रोज दाराकडे बघायचा. मुलांना सरळ सांगा, आजोबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि मग विचारा, तुला बघायचंय का, जवळ थांबायचंय का. तो जे म्हणेल ते मान्य करा. ताईंनी हे नंतर केलं, मुलगा खूप रडला आणि त्याने आजोबांसाठी एक चिठ्ठी लिहिली.

मग पुढच्या वर्षी ताईंची आई कोल्हापुरात घरीच झोपेत गेली. ताई पुण्याहून निघताना मला मेसेज करून गेल्या, यावेळी विचारणार आहे. आणि विचारलं त्यांनी. गाडीतूनच भावाला फोन, डॉक्टर आईला कधी बघून गेले होते? मागच्याच आठवड्यात बघून गेले होते म्हणून त्यांनी घरी येऊन दाखला दिला. उपचार करणारा डॉक्टर नसेल तर दाखला मिळायला अडचण येऊ शकते, आणि पडून, भाजून, अपघाताने गेलं असेल तर मात्र पोलीस आणि बहुतेक वेळा पोस्टमॉर्टेम टळत नाही, मग किती वेळ लागेल आणि कोणाशी बोलायचं एवढं विचारायचं. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, शेणी म्हणजे गोवऱ्या लोक दान देतात, दर होळीला होळी लहान करा शेणी दान करा म्हणून आवाहन असतं, तेव्हा पैशाचा प्रश्नच नव्हता. तरी विचारायला होतंच. अग्नी कोण देणार? भाऊ म्हणाला दोघं मिळून देऊ. काकांना पटलं नाही, ताईंनी आईच्या शेजारणीला पुढे केलं, जिच्याशी आई हे स्वतः बोलली होती, आणि काका गप्प झाले. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, आणि ताई म्हणाल्या की त्या दिवशी घाटावर मी मोकळी रडले.

आता तुमच्या घरी वेळ आली तर एक करा. ज्याचं रक्ताचं माणूस गेलंय त्याच्यावर चौकशीचं काम टाकू नका. जावई, चुलतभाऊ, मैत्रीण, सोसायटीतलं शांत डोक्याचं कोणीतरी, अशा एकाला बाजूला घ्या आणि चार लोकांसमोर सांगा की आजचं सगळं विचारायचं काम यांच्याकडे दिलंय. मोठ्यांसमोर सांगणं गरजेचं आहे, म्हणजे मग "हिला पैशाचं पडलंय" असं कोणी म्हणत नाही. त्या माणसाला घरातला एक फोन द्या, आधार आणि दवाखान्याची फाईल द्या, थोडी रोकड द्या, आणि सांगा, ठरवण्याआधी आम्हाला एकदा विचार.