डिसेंबरची पोस्त: कुणाला, किती आणि कधी?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो. दोन वर्षांच्या मुलीला सांभाळायला सोमवार ते शुक्रवार एक बाई येतात, मूळच्या इक्वेडोरच्या. दर पंधरा दिवसांनी साफसफाईला दोघीजणी येतात. शिवाय पोस्टमन, कचऱ्याची गाडी, मोठ्याच्या शाळेची बस. नाताळच्या आधी या सगळ्यांना काहीतरी द्यायचं असतं असं ऑफिसातले लोक सांगतात, पण किती ते कुणी स्पष्ट बोलत नाही. सासूबाई सध्या इथे आहेत. त्या म्हणतात, दिवाळीला सगळ्यांना फराळ दिला, बाईंना शाल दिली, आता पुन्हा कशाला? आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन आठवडे पुण्याला चाललोय. परत आल्यावर दिलं तर चालेल का?

उत्तर: तुमच्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न आहे, तो मी आधी घेते. तुम्ही पुण्याला असाल त्या तीन आठवड्यांत बाईंच्या पगाराचं काय ठरलंय?

आपल्या लोकांत हे फार चालतं. वर्षातून एकदा भारतात जायचं, तिकिटं मार्चमध्येच काढून ठेवायची, आणि बाईंना नोव्हेंबरच्या शेवटी सांगायचं की डिसेंबरात तीन-चार आठवडे येऊ नका. पगार अर्थातच नाही. मग जाताना हातावर शंभर डॉलर ठेवायचे आणि आपण चांगलं वागलो असं वाटून विमानात बसायचं. त्या बाईंचं घरभाडं १ जानेवारीला थांबत नाही. त्या कामाला यायला तयार आहेत, सुट्टी तुम्ही घेतली आहे. वर्षभर पूर्ण वेळ मूल सांभाळणाऱ्या बाईला आपल्या सुट्टीतही ठरलेला पगार चालू ठेवायचा, ही इथल्या चांगल्या घरांतली रीत आहे. कामावर घेतानाच ते लिहून ठेवतात. समजा तासाला २० डॉलर आणि आठवड्याला ४० तास, म्हणजे आठवड्याचे ८०० डॉलर झाले. तीन आठवड्यांचे २,४०० बुडवून वर ८०० चा बोनस दिला, तर त्या महिन्यात बाईंच्या पदरात काय पडलं ते तुम्हीच बघा. म्हणून आधी पगार, मग पोस्त. पूर्ण तीन आठवडे झेपत नसतील, तर त्यांची हक्काची भरपगारी सुट्टी त्यात धरता येईल, पण ते त्यांच्याशी बोलून, आणि पुढच्या वर्षी तिकिटं काढाल त्याच आठवड्यात.

पगाराचं मार्गी लागलं की बोनस. मूल सांभाळणाऱ्या बाईंना एक ते दोन आठवड्यांचा पगार देण्याची पद्धत आहे. बरेच दिवस तुमच्याकडे असतील, मुलीला ताप असताना थांबल्या असतील, तर दोनच द्या. त्यांचा पगार रीतसर कर भरून देत असाल, तर बोनसही कायद्यानं पगारातच धरला जातो, तेव्हा हिशेब बघणाऱ्याला सांगून ठेवा. मुलीच्या हातचं एखादं चित्र सोबत द्या, ते त्या जपून ठेवतील, पण चित्र पाकिटासोबत असू दे, पाकिटाऐवजी नको.

साफसफाईच्या दोघींना मिळून एका वेळच्या कामाचे पैसे, हा साधा ठोकताळा. इथे एक बघा. त्या कंपनीमार्फत येत असतील, तर कंपनीच्या बिलात वाढवलेली रक्कम त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. दोघींच्या नावाची दोन वेगळी पाकिटं करून हातात द्या. तुम्ही नसताना त्यांची एक-दोन कामंही बुडणार आहेत. घर रिकामं असताना फ्रिज, ओव्हन, खिडक्या असं वर्षभर राहून गेलेलं काम त्यांच्याकडून करून घ्या, म्हणजे त्यांचा आठवडा भरेल.

आता सासूबाईंचं. त्यांचं मुळात चुकत नाही. पुण्यामुंबईत सोसायटीचा वॉचमन, कचरा नेणाऱ्या ताई, पेपरवाला, पोस्टमन या सगळ्यांची पोस्त दिवाळीतच असते आणि ती एकदाच असते. पण दिवाळीत का देतात, ते त्यांना विचारून बघा. घेणाऱ्याच्या घरी तेव्हा सण असतो, पोरांना कपडे घ्यायचे असतात, गावी पैसे पाठवायचे असतात. इक्वेडोरच्या बाईंकडे हे सगळं नाताळला असतं. सण त्यांचा धरायचा. तुमच्या ओळखीत कुणाकडे स्वयंपाकाला गुजराती किंवा तेलुगू काकू येत असतील, तर त्यांना दिवाळीला द्या, डिसेंबरात पुन्हा दिलंच पाहिजे असं काही नाही.

या काकूंविषयी मला कळकळीनं सांगायचंय. पोळ्या करून देणाऱ्या, डबा पोचवणाऱ्या, संध्याकाळी मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायका न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टपर्यंत हे काम करतात. आपण त्यांना काकू म्हणतो, मावशी म्हणतो, हळदीकुंकवाला बोलावतो आणि पाकिटाच्या वेळी नेमकं त्यांनाच वगळतो, कारण त्या ‘घरच्यासारख्या’. परक्या बाईला जे देताना आपण हिशेब मांडतो, ते यांच्या बाबतीत साडी-ब्लाउजपिसावर भागवतो. काकूंनाही आठवड्याचे पैसे द्या. साडी द्यायची तर वर द्या. आणि वापरलेले कपडे, मुलांची जुनी खेळणी, बदललेला मिक्सर हे सणाच्या खात्यात कधीच धरू नका. त्या मागत असतील तर एरवी जरूर द्या.

पोस्टमनला रोख रक्कम देऊ नका. ते केंद्र सरकारच्या टपाल खात्याचे कर्मचारी आहेत आणि त्यांना रोख पैसे, चेक किंवा पैशासारखं कुठेही चालणारं कार्ड घ्यायला मनाई आहे. एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू चालते आणि एका घराकडून वर्षभरात ५० डॉलरपेक्षा जास्त नाही. हातमोजे, चांगलं चॉकलेट, एखाद्या कॉफीच्या दुकानापुरतं कार्ड, असं काहीही द्या. रोख पुढे केलीत, तर चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीनं त्यांनाच अडचणीत टाकाल.

शाळेतल्या शिक्षकांचे आणि बसचालकांचे नियम राज्यागणिक, कधी शाळागणिक बदलतात, म्हणून शाळेच्या ऑफिसला एक मेल टाका. तुमची बहीण किंवा मैत्रीण मॅसॅच्युसेट्सला असेल तर तिच्यासाठी: तिथे सरकारी शाळेतल्या शिक्षकांना एका पालकाकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. वर्गानं मिळून १५० डॉलरपर्यंत देता येते, मात्र कुणी किती घातले हे शिक्षकांना कळता कामा नये. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. ज्यांना ५ डॉलरच घालता येतात त्यांचं मूल त्या यादीत मागे पडत नाही.

कचऱ्याच्या गाडीवरची माणसं नगरपालिकेची असतील तर नगरपालिकेला विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांनाही मनाई असते. खाजगी कंपनीची असतील आणि चालत असेल, तर प्रत्येकाला १० ते ३० डॉलर. पेपर टाकणाऱ्यालाही साधारण तेवढेच. केस कापणाऱ्याला एका वेळच्या कापणीइतके. पण केस कापणारा किंवा जेवण आणून देणारा यांना दर खेपेला टिप मिळतेच. हात आखडता घ्यायचाच झाला तर तिथे घ्या. कचरा उचलणाऱ्याला वर्षभर कुणी टिप देत नाही.

घरात आजारी वडीलधाऱ्यांसाठी एजन्सीची बाई येत असेल, तर एजन्सीला आधी फोन करा. पैसे घेतल्यावरून त्या बाईंची नोकरी जाऊ शकते.

फराळाबद्दल: तो द्यावा, लोक आवडीनं खातात. फक्त डब्यावर इंग्रजीत लिहा की चिवड्यात शेंगदाणे आहेत आणि लाडवात काजू. इथे ॲलर्जी जिवावर बेतते. आणि पाकिटात १०१ डॉलर घालायची आपली सवय असेल, तर कार्डावर एका ओळीत लिहा की वरचा एक आमच्याकडे शुभ मानतात, नाहीतर मोजताना चूक झाली असं वाटून बाई तो परत आणून देतील.

कार्डावर नाव बरोबर लिहा. वर्षभर आपण ज्यांना नुसतं मारिया म्हणतो त्यांचं आडनाव काय, ते विचारून घ्या. दोन ओळी पुरतात, पण त्या त्यांच्याच कामाविषयी असाव्यात. ‘मुलगी दुपारी झोपायला लागली ती तुमच्यामुळे’ एवढं लिहिलंत तरी खूप. पगार मोबाइलवरून पाठवत असाल तर बोनसही तसाच पाठवायला हरकत नाही, मात्र वेगळा पाठवा आणि कशाचे पैसे ते लिहा. हे सगळं डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत व्हावं. पुण्याहून परतल्यावर दिलेल्या पैशांतून त्यांच्या मुलांच्या नाताळची खरेदी होणार नाही.

आणि रुपयांत गुणाकार करू नका. सासूबाईंना आकडा मोठा वाटेल, साहजिक आहे. त्यांना इथलं महिन्याचं घरभाडं सांगा.

यंदा तुमच्यापैकी कुणाची नोकरी डळमळीत असेल, तर सगळ्यांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा आधी मूल सांभाळणाऱ्या बाई, मग साफसफाईच्या दोघी, आणि बाकीच्यांना कार्ड आणि फराळ. बाईंनाही दोन आठवड्यांचं जमणार नसेल तर एक द्या आणि कारण तोंडानं सांगा. पुण्याच्या तीन आठवड्यांचा पगार मात्र कापू नका.