वाचक विचारतात : डिस्क हातात आहे, पण चालवायची कशावर?

या महिन्याची पत्रं आणि मेसेज चाळले तर निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच निघालं, वस्तू घरात आहे पण ती चालवायला काही नाही, नाहीतर आज चालतीय पण दहा वर्षांनी चालंल का याची धास्ती. त्यामुळं "वीस हजारात मोबाइल कुठला घेऊ" वाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा, आज हेच.

प्रश्न : पोराची बारावी झाली, आता पीएस 5 (सोनीचं गेम खेळायचं मशीन) पाहिजे म्हणून मागं लागलंय. दुकानदार म्हणतोय बिनडिस्कचा घ्या, स्वस्तात पडतोय, आता डिस्क कोण वापरतंय. पोरगं म्हणतंय डिस्कवालाच पाहिजे. कुणाचं ऐकू? (गावभाग, सांगली)

पोराचं ऐका. पैशाचा हिशोब आधी सांगतो. फेब्रुवारी 2021 मध्ये पीएस 5 भारतात आला तेव्हा डिस्कवाला 49,990 आणि बिनडिस्कचा 39,990 होता, म्हणजे दहा हजाराचा फरक, पुढं किमती हलल्या पण हिशोब तोच. मोठा नवा गेम घ्यायचा तर पाच हजाराच्या घरात जातो, डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देऊन त्याची आणता येते, मिरजेच्या पोराची डिस्क विश्रामबागेत आणि इकडची तिकडं असं चालूच असतं, चार-पाच गेममध्ये वरचे दहा हजार वसूल होतात की. डाऊनलोड केलेला गेम असा कुणाला देता येत नाही, तो तुमच्या अकाउंटला चिकटलेला. आणि "विकत घेतला" म्हणतो आपण, पण हातात येतं ते नुसतं खेळायचं लायसन. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं तर 2025 पासून कायदाच लागू केलाय की बाबा असं असेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, नुसतं "खरेदी करा" असं बटन लावून मोकळं व्हायचं नाही.

शिवाय नेट. आजकालचा मोठा गेम शंभर जीबीपर्यंत सहज जातो, तुमच्याकडं 50 एमबीपीएसचं कनेक्शन असेल आणि ते खरंच 50 देत असेल (देतंय का, तुम्हालाच माहीत) तरी साडेचार तास गेले.

आता पोरगं उड्या मारायच्या आत त्यालाही थोडं सांगतो. डिस्क हातात आली म्हणजे आख्खा गेम कायमचा आपला, असं आता राहिलेलं नाही. डिस्क घातली तरी गेम मशीनच्या आतल्या एसएसडीवर (साठवणीच्या जागेवर) कॉपी होतोच, वर दुरुस्त्यांचे अपडेट नेटवरनं येतात ते वेगळे. "द क्रू" नावाचा गाड्यांचा गेम होता, 2014 चा, तो एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागायचा. 31 मार्च 2024 ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतलेली त्यांच्याकडं नुसती चकती उरली. त्यावरनं युरोपात लोकांनी मोठी मोहीम काढली, गेम मारू नका म्हणून. निन्टेंडो कंपनीचं "स्विच 2" हे गेमचं मशीन जून 2025 मध्ये आलं, त्याच्या काही गेमची कार्डं तर अशी आहेत की कार्डावर गेमच नसतो, फक्त किल्ली असते, गेम नेटवरनं उतरवायचा आणि वर खेळताना कार्डही घालून ठेवायचं! याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी छापण्यासारखं काही म्हणू शकत नाही.

म्हणून पोराला सांगा, गोष्टीवाले एकट्यानं खेळायचे गेम डिस्कवर घे, आणि जे ऑनलाइनशिवाय चालतच नाहीत त्यांच्या डिस्कवर फार जीव लावू नको. आणखी एक, 2023 च्या शेवटी आलेल्या पीएस 5 च्या बिनडिस्कच्या बारीक मॉडेलला डिस्क ड्राइव्ह मागनं वेगळा बसवता येतो, म्हणजे आत्ता पैशाची ओढाताण असेल तर तोही रस्ता आहे, फक्त पहिल्यांदा बसवताना नेट लागतं. पीएस 4 च्या जवळपास सगळ्या डिस्क पीएस 5 वर चालतात, पीएस 2 च्या चालत नाहीत, आणि गाण्याची साधी ऑडिओ सीडी घालून बघाल तर तीही वाजत नाही, पन्नास हजाराचं मशीन असून.

प्रश्न : चाळिशी उलटल्यावर रात्री जेवण झाल्यावर तासभर गेम खेळतो, बायको हसते. बरं दिसतं का हे? (सदर बझार, सातारा)

घरात बसून खेळताय, राजवाड्यासमोर चौकात नाही, दिसायचं काय त्यात. वहिनींच्या हातात दुसरा कंट्रोलर द्या. फक्त पैसे लावायच्या गेमपासून लांब राहा, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून त्यांच्यावर बंदी घातलीय, तरी मोबाइलवर लिंका फिरत असतातच.

प्रश्न : 1994 साली लग्न झालं, त्याची व्हिडीओ कॅसेट 2019 च्या महापुरात कपाटासकट पाण्यात गेली. नंतर वाळवून ठेवलीय, पण व्हीसीआर कुणाकडं राहिला नाही. एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले चालू होईल, वर "4के करून देतो" (म्हणजे चित्र एकदम बारीक तपशिलाचं) म्हणून भरपूर पैसे सांगितले. काय करावं? (हरभट रोड, सांगली)

ताई, पहिली गोष्ट, कुणी व्हीसीआर आणून दिला तरी कॅसेट त्यात घालू नका, आणि "जरा फिरवून बघू" म्हणून पेन्सिल घालून रीळही फिरवू नका. पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं, बारीक गाळ असतो, तो वाळून टेपच्या वेटोळ्यांत बसलेला असतो, शिवाय ओल राहिली असेल तर पांढरी बुरशीही धरते. तशीच चालवली की टेप एकमेकाला चिकटून फाटते, गाळानं ओरखडते, व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतं ते वेगळंच, आणि मग त्याच मशीनमध्ये दुसऱ्या कुणाची चांगली कॅसेट घातली की तिलाही बुरशी लागते.

पण आशा सोडू नका. चित्र टेपवर चुंबकानं उमटलेलं असतं, ते पाण्यानं पुसलं जात नाही. काम असं करतात की खोकं उघडून रीळ काढायचं, टेप साफ करायची, चांगल्या रिकाम्या खोक्यात बसवायची आणि मग एकदाच चालवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. हे नेहमी करणाऱ्या माणसाकडंच द्या, आणि देताना त्याला विचारा की बुरशी लागलेल्या टेपसाठी वेगळं मशीन ठेवता का. तो प्रश्नच समजला नाही असं वाटलं तर कॅसेट उचला आणि घरी या. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई करता येत नाही, त्यामुळं "अर्ध्या तासात देतो" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

4के चं म्हणाल तर ते पैसे वाचवा. व्हीएचएसवर (म्हणजे तुमच्यासारख्या घरगुती व्हिडीओ कॅसेटवर) आडवा तपशील जेमतेम 240 रेषांइतकाच असतो, जे मुळात रेकॉर्डच झालं नाही ते कुठनं आणणार? सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. अंदाजानं भरलेल्या लग्नात मांडवातल्या मागच्या रांगेतली आत्या कुणी वेगळीच बाई दिसायला लागते, डोळे भलतेच, दात भलतेच. मला तर ते भुताटकीसारखं वाटतं. तुम्ही साधी, आहे तशी फाइल मागा, पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, नुसती डीव्हीडी घेऊन येऊ नका. मग तिच्या दोन-तीन प्रती करा आणि एक गावाबाहेर, पुण्यात लेकीकडं वगैरे असू द्या, कृष्णामाईचं काय सांगता येतंय.

आणि हे काम पुढं ढकलू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई, तिनं 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. सोनीनं बीटामॅक्स या दुसऱ्या पद्धतीच्या व्हिडीओ कॅसेटी बनवणं त्याच वर्षी मार्चमध्ये थांबवलं होतं. आता जी मशीनं आहेत ती तेवढीच, दरवर्षी त्यातली काही भंगारात जाणार.

प्रश्न : वडिलांच्या गाडीसाठी पेनड्राइव्हमध्ये अभंग भरून दिले, 64 जीबीचा नवा आहे, कॉम्प्युटरवर सगळं दिसतंय आणि गाडीत "फाइल नाही" म्हणतंय. (कोरेगाव, जि. सातारा)

पेनड्राइव्ह खराब नाही. एवढा मोठा पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला येतो आणि जुन्या गाडीच्या स्टिरिओला फक्त फॅट 32 कळतं. अभंग आधी दुसरीकडं कॉपी करून ठेवा (फॉरमॅट केल्यावर सगळं जातं), मग फॅट 32 करा. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्याय बऱ्याचदा दिसतच नाही, त्यापेक्षा 16 जीबीचा छोटा घेऊन टाका, 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे अडीचशे तासांच्या वर अभंग मावतात, वारी होऊन परत आली तरी संपायचे नाहीत. फाइली एमपीथ्रीच ठेवा. मराठीत नावं दिली असतील तर पडद्यावर चौकोन चौकोन दिसतील, नावाआधी 01, 02 असे आकडे टाका म्हणजे काकांना क्रम तरी राहील.

प्रश्न : लहानपणीचा व्हिडीओ गेम माळ्यावर सापडला, "9999 इन 1" ची कॅसेट आणि बंदूकसुद्धा. एलईडी टीव्हीला जोडला, मारिओ लागला पण बदकं मरत नाहीत. (कराड)

भावा, बंदूक ठणठणीत असेल, टीव्ही चुकीचा आहे! त्या बंदुकीतनं काही बाहेर जात नाही, ती उलट उजेड बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो बंदुकीच्या डोळ्याला दिसला की बदक मेलं. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं, एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो तेवढ्यात खेळ संपतो. भंगारवाल्याकडं ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर घ्या, आता ते फुकटातही देतात, फक्त उचलायला दोन माणसं न्या. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मोडा, तोंडाची वाफ लागून पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. बाकी त्या 9999 मध्ये खरे गेम किती, ते तेव्हाही आपल्याला माहीत होतं.

प्रश्न : फोटोंच्या सीडी स्केचपेननं नावं लिहून ठेवल्यात, चालेल ना? (वाई)

आत्ताच कॉपी करून घ्या. लोक चमकणारी बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर काहीही लिहितात, पण सीडीचा चंदेरी थर त्या वरच्या बाजूलाच असतो, पातळ लाखेच्या खाली, तिथला ओरखडा खालच्यापेक्षा जास्त घातक. डीव्हीडीचा थर मधोमध असतो म्हणून ती जरा बरी. घरी भरलेल्या सीडीला ऊनही सोसत नाही, खिडकीतनं हलवा. नवीन नाव लिहायचंच असेल तर मधल्या भोकाभोवती जी पारदर्शक रिंग असते तिच्यावर लिहा, तिथं काहीच साठवलेलं नसतं.