मारामारीतला ताण कोणाचा?

प्रश्न : अलीकडच्या मारधाडीच्या चित्रपटांत पडद्यावर एवढी धांदल चाललेली असते, तरी मी खुर्चीत निवांत रेललेला असतो. उलट ‘दीवार’मधली गोदामातली मारामारी टीव्हीवर लागली, की शेवट पाठ असूनही मुठी आवळल्या जातात. हे कसब फाइट मास्टरचे की संकलकाचे?
– एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : दोघांचेही, परंतु तुमच्या मुठी आवळल्या जातात त्या बहुतांशी मारामारी सुरू होण्यापूर्वी तुम्हाला काय काय दाखवून ठेवले आहे, त्यामुळे. गुंड पीटरची माणसे ज्याला शोधत हिंडत असतात तो नायक विजय (अमिताभ बच्चन) त्यांच्याच गोदामात बसलेला असतो, स्वतःच दाराला कुलूप घालतो आणि किल्ली पीटरकडे फेकतो. म्हणजे पहिला ठोसा पडण्याआधीच समोर किती जण आहेत, सुटकेची वाट कोणती आणि ती कोणाच्या हाती आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक झालेले असते.

जागेची ही जाण लाँग शॉटने, म्हणजे दुरून सगळी जागा दाखवणाऱ्या शॉटने, करून द्यावी लागते. ती एकदा झाली, की क्लोजअप कितीही जवळचा घेतला तरी चालतो, कारण चौकटीबाहेर कोण कोठे उभा आहे हे प्रेक्षक मनात धरून असतो आणि न दिसणाऱ्या माणसाचीच त्याला अधिक धास्ती वाटते. दोन भिडूंमधून एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांच्या आत ठेवण्याचा नियम आहे तो याचसाठी. ती रेषा विनाकारण ओलांडली, की डावीकडचा माणूस उजवीकडे दिसू लागतो आणि कोण कोणाला मारतो आहे हे शोधण्यातच आपले लक्ष खर्ची पडते. तुम्ही म्हणता त्या धांदलीत बहुधा हेच होते. शिवाय काही वेळा नटाला मारामारी जमलेली नाही हे झाकण्यासाठीही कात्री चालवलेली असते, हे काही गुपित नव्हे.

एक ठोसा जवळून पाहू. मूठ जबड्याला लागतच नाही. मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे कॅमेरा ठेवला की मधले अंतर दिसत नाही, तो वेळेवर मान झटकतो आणि आवाज मागाहून चढवला जातो. संकलक मूठ हवेत असतानाच कट करतो आणि ती पोहोचताना दुसऱ्या कोनातून दाखवतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिरचित्रे, असतात. या सांध्यावर दोन-तीन फ्रेम गाळल्या तर ठोसा चपळ वाटतो आणि तेवढ्याच फ्रेम दुसऱ्या शॉटमध्ये पुन्हा येऊ दिल्या तर तो जड बसतो. मात्र प्रत्येक ठोशाला हीच युक्ती लावली की ती अंगवळणी पडते, म्हणून जाणता संकलक मध्येच एखादा शॉट अपेक्षेपेक्षा लांबवून आपला अंदाज चुकवतो. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी ‘सेव्हन सामुराई’मधली (१९५४) पावसातली अखेरची लढाई एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली, त्यामुळे एकाच झटापटीचे लांबचे आणि जवळचे शॉट हालचाल न तुटता जोडता आले.

राहिला श्रेयाचा मुद्दा. ‘दीवार’ आणि ‘शोले’ दोन्ही १९७५ चे. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘दीवार’ने मिळवला, ‘शोले’च्या वाट्याला मात्र एकच पुरस्कार आला आणि तो संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना.