शेजाऱ्यांचं ऋण आणि अडीच किलो डाळ

प्रश्न : यजमानांचं मिरजेला ऑपरेशन झालं. महिनाभर गल्लीतल्या बायकांनी मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. सकाळचा डबा एका घरून यायचा, रात्रीचा दुसऱ्या घरून. आता ते हिंडूफिरू लागलेत, तर सगळ्यांना एकदा पुरणपोळीचं जेवण घालावं असं सासूबाई म्हणतात. लहानमोठी मिळून चाळीस माणसं होतात, त्यात दहा-बारा पोरं. आचारी लावायचा नाही. कसं निभवायचं?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. फक्त ज्यांनी डबे दिले त्यांच्याच हातात लाटणं देऊ नका. आपल्याकडे हे हमखास होतं. ‘येते की गं मदतीला’ म्हणत त्या सकाळीच हजर होतात आणि शेवटच्या पंगतीला घामाघूम होऊन बसतात. जेवण त्यांच्यासाठी आणि राबायचंही त्यांनीच, याला काय अर्थ? लाटायला जाऊबाई, नणंद, माहेरची माणसं बोलवा.

मोठ्या माणसाला अडीच पोळ्या आणि पोरांना एकेक धरली, तर ब्याऐंशी-पंच्याऐंशी पोळ्या होतात. जे येऊ शकणार नाहीत त्यांच्या घरी ताट जाणार, म्हणून नव्वद करा. त्यासाठी हरभऱ्याची डाळ अडीच किलो, गूळ सव्वादोन किलो आणि कणीक दोन किलो लागेल. तूप एक किलो, दूध पाच लिटर, तांदूळ दोन किलो, भाजीला बटाटे चार किलो आणि भज्यांना बेसन एक किलो घ्या. कुरडया-पापड घरचे असतीलच.

डाळ दोन-तीन तास भिजवून मोठ्या पातेल्यात, नऊ-दहा लिटर पाण्यात, हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा. बोअरचं पाणी वापरू नका. जड पाण्यात डाळ तासन्‌तास उकळली तरी पोटात कणी राहते. नळाचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवा. दाणा बोटांत दाबल्यावर सपाट झाला की डाळ चाळणीवर ओता आणि खालची येळवणी जपून ठेवा.

गूळ घालायची घाई अजिबात नको. कच्चट डाळीत गूळ पडला की ती पुढे शिजतच नाही, मग पुरणयंत्र फिरवून हात भरून येतात. पाणी पुरतं निथळल्यावरच गूळ घाला आणि उलथणं मधोमध उभं राहीपर्यंत आटवा. जायफळ-वेलची शेवटी. वाटायचं ते गरम असतानाच, गार पुरण यंत्रात घट्ट बसतं. हे सगळं आदल्या संध्याकाळी उरका. पुरण ताटात पसरून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. येळवणीही उकळून, गार करून आतच ठेवा, कारण उन्हाळ्यात बाहेर राहिली तर सकाळपर्यंत आंबते.

कणीक सैल मळून, वर तेल घालून दोन तास मुरू द्या. कणीक घट्ट आणि पुरण मऊ असलं की पोळी कडेने फुटते, म्हणून दोन्हींचा मऊपणा सारखा हवा. लिंबाएवढी कणीक आणि तिच्या दुप्पट पुरण घ्या. दोन तवे आणि तीन लाटणाऱ्या असल्या, तर नव्वद पोळ्यांना दीड तास पुरे.

येळवणीची आमटी पातळच हवी. भाजलेला कांदा, खोबरं, जिरं वाटून घाला, मग कांदा-लसूण मसाला, चिंचेचा कोळ आणि वाटीभर पुरण. चातुर्मासात बोलावणार असाल तर कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी लहान पातेल्यात वेगळी आमटी काढा. हे आधी विचारून ठेवा, पंगतीत विचारू नका.

प्रश्न : आम्ही तळमजल्यावर राहतो. 2019 च्या पुरात समोरच्या दुमजली घरातल्या काकांनी आमच्या पाच जणांना वर ठेवून घेतलं होतं. तेव्हापासून कृष्णेचं पाणी वाढलं की ते स्वतःच ‘सामान आणा’ म्हणतात. त्यांच्यावर फार भार पडू नये म्हणून काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्यांनी हाक मारायची वाट पाहू नका, पावसाळा तोंडावर आला की स्वतः जाऊन बोला. कुठल्या खोलीत काय ठेवायचं, किती माणसं येणार, कुणाला जिना चढवत नाही, हे मे महिन्यातच ठरलेलं बरं. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या दारात पाणी किती फुटांना येतं ते उंबऱ्यापाशी खूण करून ठेवा आणि त्याच्या पाच फूट आधी सामान हलवा. ऐनवेळी रात्री दोनला फ्रिज जिन्यात अडकला, तर दोन्ही घरांची झोप उडते.

वर जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. पाच माणसांचं आठवड्याचं म्हणून तांदूळ पाच किलो, पीठ सात किलो, डाळ दीड किलो, तेल दोन लिटर, चहा-साखर आणि मेणबत्त्या न्या. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरून कॅन भरा. पुरात सगळीकडे पाणीच पाणी असतं, पण पिण्यासारखं नसतं. औषधांच्या चिठ्ठ्या आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवा. गॅसची टाकीही वर न्या. खाली राहिली तर रिकामी तर तरंगतेच, भरलेलीही तरंगते आणि नळी ताणून सुटते. घर सोडताना मेन स्विच बंद करा.

तिथे राहताना स्वयंपाक आणि धुणंभांडी वाटून घ्या. ‘राहू दे हो’ याचा अर्थ खरंच राहू द्यायचं असा नसतो. पाणी ओसरलं की आधी त्यांच्या जिन्यातला आणि अंगणातला गाळ काढा, मग तुमच्या घरातला. गाळ ओला असतानाच खराट्यानं निघतो, वाळला की कुदळ लागते.

प्रश्न : शेजारच्या दादांनी रात्री-अपरात्री चार वेळा गाडी काढून आईला दवाखान्यात नेलं. पेट्रोलचे पैसे घेत नाहीत.
– एक वाचक, कराड

उत्तर : पुन्हा पैसे पुढे करू नका, ते दुखावतील. पुढच्या वेळी गाडीत बसल्यावर वाटेत पंपावर थांबायला सांगा आणि उतरून तुम्हीच टाकी भरून घ्या. कामगाराला पैसे दिले की वाद मिटतो. त्यांच्या घरी कार्य निघालं की मांडव, पाणी किंवा पाहुण्यांची ने-आण यांपैकी एक काम अंगावर घ्या आणि ते शेवटपर्यंत करा. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य फुकट जातं, कारण कुणी सांगत नाही.

प्रश्न : वाटी रिकामी परत करू नये म्हणतात. समोरच्या आजींना मधुमेह आहे, मग घालू काय?
– एक गृहिणी, सातारा

उत्तर : कंदी पेढे नकोत आणि बेदाणेही नकोत. बेदाण्यात साखर भरपूर असते. शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी द्या, वाटीभर चटणी महिनाभर टिकते. कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे तिकडचा राजमा, मिळाला तर पाव किलो द्या. त्याच्यावर ‘रात्री भिजत घाला’ एवढं मात्र सांगा, नाहीतर आजी तासभर गॅस जाळतील. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर चटणीत मीठ निम्मं घाला. आणि वाटी चार दिवसांत परत जाऊ द्या. महिना उलटला की ती कुणाच्या घरची, हेच आठवत नाही. नेलपेंटनं बुडाला खूण केलेली भांडी गल्लीत दिसतात ती त्यामुळेच.