मॅनच्या पानाची तक्रार नेमकी कुणाकडे?

(युनिक्स-लिनक्सवर आज्ञांची माहितीपुस्तिका उघडणारी आज्ञा म्हणजे 'मॅन'; तिच्याविषयीचे हे प्रश्न. आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात. कॅपिटल अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.)

प्रश्न : 'मॅन पासडब्ल्यूडी' केले की पासवर्ड बदलायच्या आज्ञेची माहिती येते. मला याच नावाच्या फाइलमधल्या रकान्यांचा अर्थ हवा आहे.

'मॅन ५ पासडब्ल्यूडी' असे विचारा. एका ओळीतले, ':' या चिन्हाने तोडलेले सातही रकाने तिथे क्रमाने समजावले आहेत. पुस्तिकेचे मुख्य विभाग आठ. रोजच्या आज्ञा १ मध्ये, कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) करायच्या हाका २ मध्ये, सी भाषेची फंक्शन्स ३ मध्ये, फाइलींची मांडणी ५ मध्ये आणि व्यवस्थापकाच्या आज्ञा ८ मध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतही अशीच विभागणी होती, फक्त विभाग सात होते. क्रमांक दिला नाही, तर मॅन ठरलेल्या क्रमाने शोधतो आणि पहिले सापडलेले पान पुढे करतो. 'प्रिंटएफ'चेही तेच: सीवाल्यांनी ३ घालायचा, नाहीतर शेलची (आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आज्ञा समोर येते. एका नावाची किती पाने आहेत हे 'मॅन -एफ पासडब्ल्यूडी' सांगते.

प्रश्न : 'मॅन -के' ने काहीही शोधले तरी 'नथिंग अप्रोप्रिएट' येते. पाने तर उघडतात!

पाने आहेत, सूची नाही. '-के' पाने वाचत बसत नाही. प्रत्येक पानाच्या एकोळी वर्णनाची सूची आधी बनवलेली असते, तीच चाळते. लिनक्सवर 'सुडो मॅनडीबी' एकदा चालवा.

उबंटूच्या छाटलेल्या प्रतीत, विशेषतः कंटेनरमध्ये (बंदिस्त, छोटेखानी प्रणालीत), पानेच काढून टाकलेली असतात. तिथे मॅन स्वतःच सांगतो की ही प्रणाली लहान केलेली आहे. त्यावर उपाय 'अनमिनिमाइझ' ही आज्ञा. ती बरेच काही उतरवून घेते, तेव्हा नेट आणि वेळ हाताशी ठेवा.

प्रश्न : 'सीडी'चे पान का सापडत नाही?

ती शेलच्या पोटातली आज्ञा आहे, वेगळा प्रोग्रॅम नाही. बॅश या शेलमध्ये 'हेल्प सीडी' करा.

प्रश्न : लांबलचक पानात हवा तो पर्याय कसा गाठायचा? शिवाय पानातून कॉपी केलेला पर्याय कधी कधी चालत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

इथे तिघांची कामे वेगळी ओळखावी लागतात. मॅन पान शोधतो, ग्रॉफ ते मांडतो आणि लेस पडद्यावर दाखवतो. शोध हे लेसचे काम. नुसते '/-आर' टाइप केले तर मजकुरातला प्रत्येक उल्लेख सापडत राहील. पर्यायाचे वर्णन ओळीच्या आरंभी, थोडी जागा सोडून असते, म्हणून '/^ *-आर' असे शोधा (टोपी, एक स्पेस, तारा, मग पर्याय). पुढच्या जागी जायला एन, मागे यायला कॅपिटल एन. '&' दाबून शब्द दिला की तो असलेल्याच ओळी उरतात; पुन्हा '&' आणि एंटर केले की पान पूर्ववत.

कॉपीचा घोटाळा ग्रॉफकडचा. पानाच्या मूळ मजकुरात नुसती '-' म्हणजे शब्द जोडणारी रेघ. पर्यायाची रेघ '\-' अशी लिहावी लागते. लेखकाने आळस केला, तर २०२३ मध्ये आलेला ग्रॉफ १.२३ तिथे यू+२०१० हे युनिकोड चिन्ह छापतो. दिसायला डॅशच, पण कीबोर्डवरचा नव्हे. 'एलएस'पुढे ते चिकटवले की शेलला तो पर्याय वाटत नाही, फाइलचे नाव वाटते, आणि 'अशी फाइल नाही' हे उत्तर मिळते. लेसमधला शोधही याच कारणाने हुकतो. चूक खरे तर पान लिहिणाऱ्याची. डेबियन या लिनक्सने मात्र वाचकांची कीव करून जुनीच वागणूक ठेवली आहे. इतरत्र 'मॅन -ई ॲस्की' (ई कॅपिटल) आणि पुढे आज्ञेचे नाव द्या. साधा डॅश परत येतो.

प्रश्न : पान फाइलमध्ये साठवले तर अक्षरे दुहेरी आणि मध्ये '^एच' येते. पीडीएफ करता येईल का?

टेलिटाइपच्या (कागदावर छापणाऱ्या टर्मिनलच्या) काळात ठळक अक्षर म्हणजे तेच अक्षर, एक पाऊल मागे, पुन्हा तेच अक्षर. '^एच' हे ते मागचे पाऊल. 'मॅन एलएस | कॉल -बीएक्स > एलएस.टीएक्सटी' केले (कॉल म्हणजे सी-ओ-एल) की ते गळून पडते. लिनक्सवरचा मॅन, म्हणजे मॅन-डीबी, फाइलीत लिहिताना ही सफाई स्वतःच करतो.

पीडीएफसाठी 'मॅन -टीपीडीएफ एलएस > एलएस.पीडीएफ'. टी कॅपिटल, आणि तो पीडीएफला चिकटूनच हवा. मध्ये जागा सोडली की मॅन 'पीडीएफ' नावाचे पान शोधू लागतो. डेबियन-उबंटूवर त्रुटी आली, तर फक्त 'ग्रॉफ-बेस' बसवलेले असणार. पूर्ण 'ग्रॉफ' पॅकेज बसवा.

प्रश्न : माझ्या स्क्रिप्टसाठी पान लिहिले, पण '.बॅशआरसी'ने सुरू होणारी ओळच गायब झाली.

ओळीच्या आरंभीचा टिंब म्हणजे ग्रॉफच्या लेखी आज्ञा. '.बॅशआरसी' नावाची आज्ञा त्याला माहीत नाही, म्हणून तो ती ओळ मुकाट्याने गिळतो. ओळ एकेरी अवतरणचिन्हाने सुरू झाली तरी तेच. टिंबाच्या आधी '\&' लावा; छपाईत ते दिसत नाही, पण टिंब आता ओळीच्या आरंभी राहत नाही. 'मॅन --वॉर्निंग्ज -एल' आणि पुढे फाइलचे नाव दिले, की असे गिळलेले घास उघडे पडतात.

'.एसएच नेम' (दोन्ही शब्द कॅपिटल) खालची ओळ 'नाव \- वर्णन' अशीच ठेवा, नाहीतर पान सूचीत चढणार नाही आणि '-के'ला दिसणार नाही. स्क्रिप्ट घरच्या '.लोकल/बिन'मध्ये असेल आणि ती जागा पाथमध्ये (शेल आज्ञा शोधतो त्या जागांच्या यादीत) असेल, तर पान '.लोकल/शेअर/मॅन/मॅन१'मध्ये ठेवा. मॅन तिथे आपोआप पोहोचतो.